न्हाणीघराचं दार आत उघडतं की बाहेर?

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. जागेवरून न उठता उत्तर द्यायचं. तुमच्या बाथरूमचं दार आत उघडतं की बाहेर? बघा, आठवावं लागलं ना! दिवसातून दहा वेळा ते दार आपण ढकलतो, पण त्याच्याकडे कधी बघतच नाही. मीही बघितलं नव्हतं. बावीस वर्षं त्याच घरात संसार केला, आणि दार आत उघडतं ही गोष्ट मला कळली ती सासूबाई आत पडल्या त्या दिवशी.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळचे साडेसात वाजले होते. हे फिरायला गेलेले, मुलगी क्लासला, धाकटा झोपलेला. मी ओट्यापाशी पोळ्या करत होते. आतून धप्पकन आवाज आला, पाठोपाठ बादली घरंगळल्याचा. ‘आई, काय झालं?’ म्हणून हाका मारल्या, तर नुसतं कण्हणं. आतून वरची कडी लावलेली. ती कशीबशी त्यांनी पायानं... नाही, पायानं कशी निघणार? कडी वर, त्या खाली. शेजारचे काका आणि त्यांचा मुलगा धावत आले. दोघांनी खांदा लावून कडी तोडली. तरी दार हलेना, कारण सासूबाई दारालाच टेकून पडल्या होत्या. जोर लावला की त्या ओरडायच्या. बिजागऱ्या काढाव्यात म्हटलं, तर आत उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या आतल्या बाजूला. झरोका एवढासा, मांजरही जाईल न जाईल असा.

शेवटी आमचं दार कुजलेलं होतं म्हणून वाचलो. खालची फूटभर प्लाय पाण्यानं फुगून तिचा भुगा झाला होता. नवीन दार घ्या म्हणून मी दोन वर्षं मागे लागले होते, आणि ह्यांनी दोन वर्षं चालढकल केली होती. त्या कुजक्या भागाला पहार लावून काकांनी तेवढा तुकडा उपटला आणि त्यांचा मुलगा सरपटत आत गेला. त्यानं सासूबाईंना हळूच बाजूला घेतलं. पंचवीस मिनिटं गेली या सगळ्यात. खुब्याचं हाड मोडलं होतं. सोलापूरला ऑपरेशन झालं, आणि दीड महिन्यानं आई वॉकर घेऊन घरी आल्या.

त्यानंतर आमच्या घरात बाथरूम या विषयावर जेवढी चर्चा झाली, तेवढी आमच्या लग्नातही झाली नसेल.

पहिल्यांदा मिस्त्रींना बोलावलं. म्हटलं, दार बाहेर उघडणारं करून द्या. ते हसले. ‘वहिनी, बाथरूमचं दार आतच उघडतं. बाहेर उघडलं तर दारावरचं पाणी पॅसेजमध्ये ठिबकेल, तुम्हीच फरशी पुसत बसाल.’ खरंच होतं त्यांचं. आपल्याकडे अंघोळीचं पाणी सगळीकडे उडतं. भिंती, कमोड, दार सगळं न्हाऊन निघतं. म्हणून तर दाराच्या खालच्या अर्ध्या भागाला ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकायची पद्धत आहे. त्या पत्र्याच्या खिळ्यांतूनच पाणी आत शिरतं आणि पत्र्याआड लाकूड निवांत कुजत राहतं, हा भाग निराळा.

मग डोक्यात उजेड पडला तो असा. दार आत उघडतं ते पाण्यामुळे. जमीन ओली राहते तीही पाण्यामुळे, आणि आई घसरल्या त्या ओल्या जमिनीवरच. म्हणजे अंघोळीचं पाणी एका कोपऱ्यात अडवलं तर दार बाहेर उघडायला हरकत नाही आणि कमोडपाशी जमीनही कोरडी राहील. माझ्या पुण्याच्या नणंदेकडे काचेचं पार्टिशन आहे. आजवर मी त्याला श्रीमंती चोचला समजत होते. आता त्याच काचेच्या दाराकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

आमचं बाथरूम पाच फूट रुंद आणि आठ फूट लांब. दारातून आत गेलं की आधी कमोड आणि बेसिन, टोकाला न्हाणी. मधोमध काचेचं पार्टिशन टाकायचं, असा बेत ठरला. ‘आपण काय शॉवर घेतो का? बादली-तांब्यावाल्यांना कशाला हवी काच?’ असं हे म्हणाले. पण मैत्रिणींनो, शॉवरपेक्षा तांब्याचं पाणी जास्त लांब उडतं. विश्वास नसेल तर उद्या अंघोळ झाल्यावर कमोडच्या मागची भिंत हात लावून बघा.

इथे एक गोष्ट आधीच सांगते. काच परवडत नसेल किंवा भाड्याचं घर असेल तर प्लॅस्टिकचा जाड पडदा आणि आडवी दांडी यांनीही निम्म्याहून जास्त काम होतं. घरात एखाद्या माणसाला दुसऱ्यानं अंघोळ घालावी लागत असेल, तर पडदाच बरा. काचेच्या दारातून स्टूल, पेशंट आणि अंघोळ घालणारी असे तिघे एकदम हलू शकत नाहीत. पडद्याला खालून बुरशी येते, अंगाला चिकटतो, वर्ष-दोन वर्षांत बदलावा लागतो. पण तो कुणाच्या अंगावर पडत नाही. आमच्या आईंना आधाराशिवाय बसून अंघोळ जमायला लागली होती, म्हणून आम्ही काचेकडे वळलो.

आणि पहिला विरोध त्यांचाच. ‘काचेत अंघोळ? मी काय दुकानातली बाहुली आहे?’ नऊवारीत जन्म गेलेली बाई. बाहेरचं दार बंद असेल, कुणाला दिसणार नाही, हे मी चार वेळा सांगितलं. त्यांचं एकच म्हणणं, ‘मला मी दिसेन ना!’ यावर काय बोलणार? मग अर्धपारदर्शक, धूसर काच घ्यायची ठरली. दुकानात अशा काचेचे दोन-तीन प्रकार दाखवतात. रेती मारून किंवा ॲसिडनं एक बाजू खरखरीत केलेली काच असते, उभ्या धारांची असते, आणि साध्या काचेवर फिल्म चिकटवून दिलेलीही असते. फिल्म घेऊ नका, कडेनं पाणी शिरून ती सुटते. खरखरीत काचेचं एक गुपित आम्हाला अनुभवी काचवाल्यानं सांगितलं. खरखरीत बाजू ओली झाली की काच बरीच आरपार दिसायला लागते. म्हणून ती बाजू बाहेर, कोरड्या अंगाला ठेवायची आणि गुळगुळीत बाजू न्हाणीच्या अंगाला. ती पुसायलाही सोपी. आमच्या मुलीनं दुकानातच त्या काचेमागे लाल टॉवेल धरून उभं राहून दाखवलं. आजीला फोनवर फोटो पाठवला. ‘टॉवेल आहे एवढं कळतंय, काय आहे ते कळत नाही,’ असा शेरा आला आणि काच मंजूर झाली.

सरकतं दार की बिजागरीचं, हा पुढचा घोळ. सरकत्या दाराला जागा लागत नाही, म्हणून लहान बाथरूमसाठी सगळे तेच सुचवतात. पण हिशेब करून बघा. पाच फुटांत दोन काचा सरकणार, म्हणजे एका वेळी उघडी जागा जेमतेम सव्वादोन-अडीच फूट. आईंचा वॉकर मी टेपनं मोजला, चोवीस इंच भरला. त्यात दोन्ही हातांची बोटं बाहेर. शिवाय सरकत्या दाराला खाली पट्टी असते, तिच्यात केस आणि साबण अडकतो आणि म्हातारं पाऊलही. आम्ही तीस इंचाचं बिजागरीचं दार आणि बाकी तीस इंच पक्की बसवलेली काच असं केलं. बिजागरी दोन्हीकडे उघडणारी घेतली, म्हणजे न्हाणीत कुणी पडलं तर तेही दार बाहेर ओढता येईल. ज्यांच्या घरी वॉकर नाही आणि जागा अगदीच कमी आहे त्यांनी सरकतं दार जरूर घ्यावं, पण त्याचं वजन वरच्या चाकांवर असलेलं बघून घ्यावं. खालची पट्टी जितकी बुटकी तितकी चांगली.

आता काच कुठली? यात काटकसर करायची नाही. साधी काच बाथरूममध्ये नकोच. ती फुटली तर सुऱ्यासारखे लांब तुकडे होतात. टफन्ड काचच घ्यायची. ही काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं एकदम थंड करतात. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते, आणि फुटलीच तर खडीसाखरेसारखे बारीक बोथट दाणे होतात. दुकानदार ‘टफन्डच आहे वहिनी’ असं सांगेल. तोंडी भरवसा नको. काचेच्या कोपऱ्यात कायमचा उमटवलेला शिक्का असतो, त्यात आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा आकडा बघायचा. शिक्का नखानं खरवडून निघाला तर ती काच परत करायची.

फ्रेम नसलेल्या दाराला आठ किंवा दहा मिलिमीटर जाडीची काच लागते. चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची चौकट असेल तर पाच-सहाही चालते. जाड म्हणजे चांगली असं समजून आम्ही दहा मागायला निघालो होतो. पण काचेचं वजन जाडीबरोबर वाढतं. दर चौरस मीटरला प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो. आमचं दार तीस इंच बाय साडेसहा फूट, म्हणजे आठ मिलिमीटरमध्ये सुमारे ३० किलो. भरलेला गॅस सिलिंडर उचलून बघा, साधारण तेवढंच. तो सिलिंडर भिंतीतल्या दोन बिजागऱ्यांवर रात्रंदिवस लटकत राहणार आहे, असं डोळ्यांपुढे आणा. दहा मिलिमीटर घेतली असती तर ३७-३८ किलो झाली असती, आणि आईंना ते दार ओढतानाही जड गेलं असतं. आठवर थांबलो.

इथपर्यंत सगळं शहाणपणानं चाललं होतं. मग माती खाल्ली.

काचवाल्या माणसानं मापं घेतली तेव्हा भिंतीला टाईल्स लागायच्या होत्या. ‘टाईल्सची जाडी वजा करतो की,’ असं म्हणून तो गेला. आम्हीही घाईत. पंधरा दिवसांनी पुण्याहून काचा आल्या. लावायला गेले तर पक्की काच वर बसते आणि खाली अडते. गवंड्यानं टाईलखाली माल कमी-जास्त भरला होता. ओळंबा सोडून बघितला तर भिंत वरपासून खालपर्यंत अर्ध्या इंचानं आत आलेली. हे म्हणाले, ‘मग कापा अर्धा इंच.’ काचवाला गप्प. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कडही घासता येत नाही. तसं केलं की सगळी काच क्षणात दाणे होऊन पडते. मुठीची, बिजागरीची भोकंसुद्धा भट्टीत घालण्याआधीच पाडलेली असतात. ती काच वाया गेली. साडेतीन हजारांचा फटका बसला, त्यातला निम्मा त्यानं सोसला आणि निम्मा आम्ही. भांडण झालं नाही असं म्हणणार नाही.

म्हणून माझं ऐका. टाईल्स, फरशी, ग्राउट सगळं पूर्ण होऊ द्या. मग माप घ्यायला बोलवा, आणि तेही वर, मध्ये आणि खाली असं तीन ठिकाणी. ओळंबा आपल्यासमोर सोडायला सांगा. मापाच्या कागदावर त्याची सही घ्या. दर विचारताना चौरस फुटाचा नुसता काचेचा भाव विचारून फसू नका. बिजागऱ्या, मूठ, रबरी पट्ट्या, भोकं, ने-आण आणि बसवणं यात धरलंय का, ते लिहून घ्या.

बिजागऱ्या पितळेच्या किंवा ३०४ नंबरच्या स्टीलच्या घ्या. स्वस्तातल्या २०२ नंबरच्या स्टीलला बाथरूमच्या ओलीत लवकर गंज धरतो. ‘चुंबक लावून बघा, चिकटत नाही म्हणजे ३०४’ असं दुकानात दाखवतात. पण २०२सुद्धा बहुधा चुंबकाला चिकटत नाही. तेव्हा नंबर बिलावर लिहून मागा आणि जोडीला किती किलो वजन झेपतं तेही विचारा. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे भिंत. जिथे बिजागरी येणार तिथली टाईल बोटानं वाजवा. पोकळ वाजली तर ती काढून पुन्हा बसवून घ्या. भोक टाईलच्या पार विटेत जायला हवं, आणि गिट्टीसुद्धा विटेत बसली पाहिजे. नुसत्या टाईलवर ३० किलो टांगले तर एक दिवस टाईलसकट दार हातात येतं. टाईल पार होईपर्यंत ड्रिलचा ठोका बंद ठेवायला सांगा, नाही तर तडा गेलाच म्हणून समजा. काच आणि धातू यांच्यामध्ये रबर असलंच पाहिजे. काच कुठेही टाईलला किंवा धातूला थेट टेकता कामा नये.

पाणी बाहेर येऊ नये म्हणून काचेखाली दोन-तीन इंचांचा कट्टा करतात. आम्ही तो मुद्दाम केला नाही, वॉकर अडेल म्हणून. त्याऐवजी न्हाणीची जमीन मोरीकडे तीन फुटांना अर्धा-पाऊण इंच उतरती घेतली आणि दाराला खाली वाकडी रबरी पट्टी लावली, ती पाणी आत वळवते. तरी थोडं पाणी बाहेर येतंच. ते मी मान्य केलंय.

कडेला भरायचं सिलिकॉनही बघून घ्या. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते साधं, आम्लाचं सिलिकॉन. संगमरवर, सिमेंट किंवा आरशाच्या पाठीमागे ते चालत नाही. बाथरूमसाठी बुरशीरोधक आणि बिनवासाचं न्यूट्रल मिळतं, ते मागा. भरल्यावर चोवीस तास पाणी लावायचं नाही. आमच्याकडे त्या दिवशी सगळे शेजारी अंघोळीला गेले.

अजून एक. काचेच्या दाराची मूठ लांब दांडीसारखी असते, टॉवेल टाकायला सोयीची. म्हातारं माणूस तोल गेला की पहिला हात त्या दांडीला घालतं. ती आधाराची दांडी नाही, दार हलतं! म्हणून आम्ही दाराला छोटी गोल मूठ घेतली आणि आधाराची स्टीलची दांडी भिंतीत वेगळी बसवली. पुस्तकात ३३ ते ३६ इंच उंची सांगतात. आम्ही आईंना स्टुलावर बसवलं, उठायला सांगितलं आणि त्यांचा हात जिथे गेला तिथे खडूनं खूण केली.

आता बाहेरच्या दाराकडे येते, कारण सगळं त्याच्यापायीच सुरू झालं होतं. चौकट ग्रॅनाईटची केली आणि दार फायबरचं. आता पाणी काचेच्या पलीकडे थांबत असल्यामुळे मिस्त्रींची ठिबकण्याची हरकत उरली नाही. दार बाहेर उघडतं. पॅसेजमधलं वॉशिंग मशीन त्यासाठी हलवावं लागलं, आणि पहिल्या आठवड्यात धाकट्याच्या नाकावर एकदा दार बसलं.

कडीवरून मात्र खरं रामायण झालं. मला आतून कडी नकोच होती. बाथरूमसाठी एक लॅच मिळतं, आतून बटण फिरवून बंद होतं आणि बाहेरच्या बाजूला एक खाच असते. वेळ आली तर त्या खाचेत नाणं घालून फिरवलं की उघडतं. ते बसवलं. संध्याकाळी मुलगी क्लासवरून आली, तिनं लॅच बघितलं आणि चेहराच उतरला. ‘बाहेरून उघडता येतं? मग मी आत जायचं कसं?’ ह्यांना हसू आलं. मला आलं नाही. घरात पाच माणसं, दोन खोल्या, सतत कुणीतरी येणार-जाणार. मोठी होत असलेली मुलगी असो की चाळिशीतली बाई, दहा मिनिटं आपली म्हणून आतून बंद करता येईल असं एकच दार आपल्या घरात असतं. लग्न होऊन आले तेव्हा रडायला मी त्याच दारामागे जात होते. ते दार बाहेरून उघडता येतं म्हटल्यावर त्या पोरीला काय वाटलं असेल, ते मला समजलं.

शेवटी असं ठरलं. लॅच राहील. वर, आईंचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, एक छोटी कडी मुलीसाठी. आणि नियम असा की तीन हाका मारून आतून ओ आली नाही तरच नाणं लावायचं, तेही मी किंवा आईंनी, दुसऱ्या कुणी नाही. कडीबाबत माझं मन अजून पुरतं मानत नाही. चक्कर काय फक्त म्हाताऱ्यांनाच येते? म्हणून गॅस गीझर तेवढा मी हट्टानं बाथरूममधून काढून बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर बसवून घेतला. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणूस आत कोसळतं आणि कळतही नाही. नवीन दारं घट्ट बसतात, त्यामुळे हवा आणखी कोंडते. झरोका बुजवू नका, आणि गीझर आत असेल तर दार बदलण्याआधी त्याची जागा बदला.

देखभालीचं म्हणाल तर आमच्या बार्शीत बोअरचं पाणी किती जड आहे, ते घरातल्या प्रत्येक नळाच्या तोटीवर लिहिलेलं आहे. पहिल्याच महिन्यात काचेवर पांढरे ठिपके आले. हे क्षार म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम. पाणी उडून जातं आणि ते मागे राहतात. म्हणजे पाणी वाळू दिलंच नाही तर डाग पडत नाही. खुंटीवर रबराचा छोटा वायपर अडकवून ठेवलाय. ज्याची अंघोळ शेवटची, त्यानं वरून खाली सात-आठ हात मारायचे. अर्धं मिनिट लागतं. शेवटची अंघोळ कुणाची यावरून भांडणं होतात, पण काच स्वच्छ आहे.

डाग पडलेच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, नाही तर लिंबाची फोड. दहा मिनिटं ठेवून मऊ फडक्यानं पुसायचं आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. संगमरवराला आणि टाईलच्या सांध्यांना ते लागू देऊ नका. तारेची घासणी, वाळू, भांड्याची पावडर काचेजवळही नको, चरे पडतात आणि चऱ्यांत क्षार जास्त बसतात. दुकानात मिळणारं टाईल्सचं ॲसिड तर मुळीच नको. एका फेरीत बिजागरीचा मुलामा जातो. आणि ॲसिड नि ब्लीच चुकूनही एकत्र करू नका, क्लोरीनचा विषारी वायू निघतो. ‘दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ’ असं मानणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला खोकत बाहेर पळावं लागलं होतं. वर्षानुवर्षं राहिलेले क्षार मात्र काच खातात, ते कशानंच निघत नाहीत.

सहा महिन्यांतून एकदा बिजागऱ्यांचे स्क्रू बघा. ते षटकोनी चावीनं फिरतात. ती चावी काचवाल्याकडून मागून घ्या, नाही तर प्रत्येक वेळी त्याच्या मिनतवाऱ्या. दार खाली टेकायला लागलं, घासल्याचा आवाज आला तर वापर थांबवून आधी ते दुरुस्त करा. रबरी पट्ट्या पिवळ्या पडून कडक झाल्या की बदला. सिलिकॉन आतून काळं झालं असेल तर घासून उपयोग नाही. ते ब्लेडनं काढायचं, जागा कोरडी करायची, नवीन भरायचं.

टफन्ड काच क्वचित आपोआप फुटते असं तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे. कधी काच बनवताना आत राहिलेल्या निकेल सल्फाइडच्या बारीक कणामुळे तसं होतं, बहुतेकदा मात्र काचेच्या कडेला टवका गेलेला असतो. या काचेची ताकद मधोमध, आणि नाजूक जागा म्हणजे कडा. बादली, वॉकर किंवा नळाची तोटी कडेवर आपटू देऊ नका, टवका दिसला की काच बदला. फुटलीच तर आधी चप्पल घाला, मग आत पाऊल ठेवा. दाणे बोथट असले तरी अनवाणी पायाला कापतातच.

आईंना आता त्या काचेची सवय झाली आहे. आत गेल्या की मोठ्यानं स्तोत्र म्हणतात, म्हणजे आम्हाला बाहेर कळतं सगळं ठीक आहे. लॅचसाठी दाराबाहेरच्या खिळ्याजवळ मी रुपयाचं नाणं ठेवलं होतं. परवा सहज बघितलं तर नाणं गायब. धाकट्यानं त्याची लिमलेटची गोळी आणली होती! आता तिथे एक चपटा स्क्रू ड्रायव्हर सुतळीनं बांधून ठेवलाय.